झाडांच्या जामिनावर राहिलेली शेळी

माऊली नगरच्या तिसऱ्या गल्लीत दुपारी स्कूटर लावायला जागा मिळत नाही. सगळ्या गाड्या झाडांखाली. आणि गाडी लावताना आधी इकडं तिकडं बघावं लागतं, कारण चंद्रभागाबाई कुठून ना कुठून ओरडतातच, "ओ भाऊ, झाडाच्या बुडाला चाक लावू नका! तुमच्या पायावर कोनी गाडी घातली तर चालंल का?" माणूस गुपचूप गाडी हातभर मागं घेतो. हिंगोलीतले भलेभले या गल्लीत येऊन हातभर मागं सरकलेले आहेत.

पण ही गल्ली आधी अशी नव्हती. अकोला रोडच्या कडेला सोयाबीनचं रान होतं. रानाचे प्लॉट पडले, प्लॉटांवर घरं चढली, घरांवर काळ्या टाक्या बसल्या, आणि झाड म्हणाल तर औषधाला नव्हतं. सावली एकच, विजेच्या खांबाची. देविदासकाका, रिटायर कंपाउंडर, सकाळपासून आपली स्कूटर त्या खांबाच्या सावलीमागं सरकवत असायचे. सावली हलली की काका हलायचे. दुपारी सावली खांबाच्या पायाशी येऊन बसली की काका सीटवर ओलं फडकं टाकून घरात जायचे आणि म्हणायचे, "आता सूर्यनारायण जाणे अन् सीट जाणे."

अशा गल्लीत चंद्रभागाबाई राहायला आल्या त्या टेम्पोत बसून, मांडीवर शेळीचं डोकं घेऊन.

समोरच्या पद्माबाई तेव्हा खिडकीत उभ्या होत्या. नव्या शेजाऱ्यांच्या घरी काय काय उतरतं, हे बघणं त्यांचं कर्तव्यच होतं, त्या महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या ना. कपाट उतरलं, गादी उतरली, त्यांच्या पोराच्या, शिवहारच्या, वायरिंगच्या कामाच्या गुंडाळ्या उतरल्या. आता फ्रिज उतरतो की वॉशिंग मशीन, म्हणून पद्माबाईंनी मान आणखी बाहेर काढली, तर उतरली शेळी. उतरल्या उतरल्या तिनं रस्त्यात लेंड्या टाकल्या आणि पद्माबाईंच्या खिडकीकडं बघून बें केलं. ओळख झाली.

या शेळीचं नाव लाडी. चंद्रभागाबाई सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याच्या. घर धनगराचं. नवरा मसाजी होता तोवर शेळ्यामेंढ्यांची मोठी खांड होती. मसाजी गेला, पोरगा शहरात कामाला लागला, तसं शिवहारनं जनावरं भावकीत वाटून-विकून टाकली. चंद्रभागाबाईंनी फक्त लाडीचं दावं धरलं आणि म्हणाल्या, "ही न्हाई."

त्याला कारण होतं. चंद्रभागाबाईंच्या लग्नात त्यांच्या बापानं आंदण म्हणून एक पाट, म्हणजे कवळी शेळी, दिली होती. त्या शेळीची लेक, मग त्या लेकीची लेक, असं करत करत वेल खाली आला तो लाडीपाशी. बापाच्या घरचं सोनं मोडून झालं होतं, पातळं विरून गेली होती, बापही गेला होता. राहिली होती एवढी एक लाडी. "मपलं माहेर चार पायावर चालतंय," असं त्या सुनेला सांगायच्या. सून राधिका शहाणी. तिनं अंगणाच्या कोपऱ्यात पत्र्याचा आडोसा करून सासूच्या माहेराला जागा करून दिली.

त्या आषाढात पद्माबाईंच्या मनात आलं की गल्लीत झाडं लावायची. बाई मनावर घेतात तेव्हा घेतात. रोपवाटिकेतून रोपं आणवली. कडुलिंब, करंज, बहावा, जांभूळ आणि स्वतःच्या दारासमोर कांचन. खड्डे झाले, फोटो झाले, पेढे झाले. कांचनाला झेंडूचा हार घातला आणि शेजारी पत्र्याची पाटी ठोकली, तिच्यावर लाल रंगात पद्माबाईंचं पूर्ण नाव.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला लाडीनं दावं तोडलं.

बिचारीचं तरी काय चुकलं? साखऱ्याच्या माळावरून सिमेंटच्या अंगणात आलेली. तिला वाटलं, गल्लीनं आपल्या स्वागताला पंगत मांडली. तिनं जांभळापासून सुरुवात केली, बहावा चाखला, कडुलिंबाचे शेंडे घेतले, करंज तेवढा वास घेऊन सोडून दिला आणि शेवटी गोड म्हणून कांचन खाल्ला. हारासकट.

मग काय, सकाळी सगळी गल्ली रस्त्यावर.

"एक पान ठेवलं नाही हो माझ्या कांचनाचं!" पद्माबाईंचा आवाज पार अकोला रोडला ऐकू जात होता. "हारसुद्धा खाल्ला! पाटी तेवढी राहिली, ती पत्र्याची म्हणून!"

"पाटीबी चाटून पाहिली असंल," देविदासकाका स्कूटर पुसता पुसता म्हणाले. "नाव वाचता आलं नसंल, म्हणून सोडली."

लोक हसले. पद्माबाई हसल्या नाहीत. शिवहार तर मान वर करेना. त्याची निम्मी गिऱ्हाइकं याच गल्लीत होती. तो आईला हळूच म्हणाला, "माय, मी तुला आधीच म्हनलो होतो. शहरात शेरडं चालत न्हाईत. येत्या बाजारात देऊन टाकू."

"कोनाला देऊन टाकू?"

"लाडीला."

चंद्रभागाबाईंनी पदर खोचला. लाडीचं दावं हाताला गुंडाळलं आणि सरळ पद्माबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "बाई, तुमी बराबर हाव. शेळीनं खाल्लं, गुन्हा मपला. झाडं पुन्यांदा लावा. आता म्या राखते."

"तुम्ही?" पद्माबाईंनी डोळे मोठे केले. "शेळीवाल्या बाईनं झाडं राखायची? म्हणजे मांजरीला दुधाची राखण!"

"मंग? चोराला कोतवाल केलं की चोऱ्या कमी व्हतात. इचारा देविदासभाऊला."

"मला काहून मधी ओढता?" काका म्हणाले. पण मध्ये यायला त्यांना मनापासून आवडायचं. फडकं खांद्यावर टाकून ते पुढं आले. "हे पाहा, पद्माबाई. शेळीला जामीन देऊ. झाडं राहिली तर शेळी राहील. मुदत टाका."

पद्माबाईंनी बोट वर केलं. "पुढच्या वर्षीच्या पोळ्यापर्यंत. आणि एक जरी झाड मेलं ना, एक जरी, तर शेळी त्याच दिवशी बाजारात. कबूल?"

"माय, नको," शिवहार म्हणाला. एक जरी झाड! उन्हाळ्यात इथं माणसाला टँकरची वाट बघावी लागते.

"कबूल," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "बोलले ते बोलले."

नवी रोपं आली. आणि चंद्रभागाबाईंनी पहिल्याच दिवशी जे केलं त्यानं गल्लीचं नाक कायमचं उघडलं. त्यांनी बादलीत लाडीच्या लेंड्या भिजत घातल्या, काठीनं घोटल्या आणि तो काला फडक्यानं एकेका रोपाच्या पानापानाला पुसला. शेरडू सगळं खाईल, पण स्वतःच्या लेंडीचा वास आलेल्या पानाला तोंड लावत नाही. धनगराच्या घरात हे पोरीबाळींनाही माहीत असतं. लाडी आली, कांचनाला नाक लावलं, फुर्र केलं आणि तोंड फिरवून गेली. अशी गेली, जणू जेवणाच्या ताटात तिला कुणी चप्पल वाढली.

उपाय अक्सीर होता. फक्त त्याच दिवशी पद्माबाईंच्या निताला बघायला पाहुणे आले होते.

पाहुणे पुसेगावचे. बैठकीत पोहे आले आणि पोह्यांच्या आधी वास आला. पद्माबाईंनी उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवला. मग लेंडी आणि मोगरा दोन्ही मिळून असा काही वास झाला की मुलाचे मामा रुमालात शिंकायला लागले. पद्माबाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. एवढ्यात मुलाची आजी, आतापर्यंत गप्प बसलेली म्हातारी, छाती भरून श्वास घेत म्हणाली, "शेरडाचा वास येऊन राहिला गं बाई. लई वरसानं आला. घर चांगलं दिसतंय, जनावराची माया हाय." निताचं जमलं. यात लेंडीचा वाटा किती आणि पोह्यांचा किती, हा प्रश्न पद्माबाईंसमोर आजही कुणी काढत नाही. काढतात ते देविदासकाका, पण ते चहा पिऊन झाल्यावर, उंबऱ्याबाहेर उभे राहून.

आता लाडी थांबली, पण दुनियेत लाडी एकटी नव्हती. मोकाट गुरं होती, रस्त्यानं हुंदडणारी वासरं होती. त्यांना लेंडीच्या वासाचं काही सोयरसुतक नव्हतं. चांगल्या गल्ल्यांत झाडांना लोखंडी जाळ्या असतात. इथं त्या कुठून येणार? चंद्रभागाबाईंनी दोन दिवस बोरीबाभळीच्या काट्या लावून पाहिल्या. वाऱ्यानं त्या देविदासकाकांच्या टायरात गेल्या. काकांनी पंक्चर काढता काढता जे शब्द काढले ते इथं लिहिण्यासारखे नाहीत.

मग एके सकाळी चंद्रभागाबाईंनी राधिकेला माळ्यावर चढवलं. "ती गाठोडी काढ. मोठी. तुपल्या सासऱ्याची."

गाठोड्यात वाघूर होती. वाघूर म्हणजे रानात कळप बसवायचा तर त्याच्याभोवती बांधायची दोरीची जाळी. मसाजीनं स्वतः वळलेली. तिच्या आत खांड बसायची, बाहेर कुत्री राखण करायची आणि जाळीला टेकून मसाजी बिडी ओढत बसायचा. गावचं घर विकलं तेव्हाही चंद्रभागाबाईंनी ही जाळी टाकली नव्हती. दोरीला अजून लोकरीचा, धुराचा वास होता.

"आत्याबाई, ही कापायची?" राधिकेचा हात पुढं होईना. "राहू द्या ना. मी ह्यांना सांगते, जुन्या साड्या बांधू."

"साडी फाटती. ही न्हाई फाटत, त्येनं वळली हाय." चंद्रभागाबाईंनी विळा घेतला. पहिला फास कापताना त्या थांबल्या. मग हसून म्हणाल्या, "आता त्यो वरून म्हनत असंल, जन्मभर जाळीच्या आत शेरडं ठिवली, अन् ही येडी जाळीच्या आत झाडं ठिवून राहिली. म्हन बाबा. तुला काय काम हाय?"

जाळीचे तुकडे झाले. प्रत्येक झाडाभोवती तीन काठ्या आणि त्यांना मसाजीची वाघूर. समोरच्या खिडकीतून हे सगळं कुणीतरी पाहत होतं. पण त्या दिवशी खिडकीतून एकही शेरा आला नाही, एवढंच.

हिवाळा सरला. झाडं कमरेला आली. धुण्याचं पाणी, भांड्याचं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, घरातलं कुठलंच पाणी मोरीत जायची छाती करत नव्हतं. शिवहार आंघोळीला बसला की बाहेरून आवाज यायचा, "साबन कमी लाव रं, करंजाला झोंबतो." गल्लीतल्या बायका आधी हसल्या, मग आपापल्या बादल्या आणून द्यायला लागल्या. चंद्रभागाबाई प्रत्येकीला म्हणायच्या, "तुपले उपकार हायत, माय." बादलीभर खरकट्या पाण्याचे इतक्या मनापासून आभार कुणी मानत नाही. त्यामुळं बाईला वाटायचं, आपण गंगाच आणली. दुसऱ्या दिवशी ती दोन बादल्या आणायची.

चैत्रात साखऱ्याला देवाची जत्रा असते. आठ-पंधरा दिवस भावकीत राहायचं आणि भावकीच्या कळपातला बोकड लाडीला दाखवून आणायचा, असा बेत ठरला. लाडीचं वय निघून चाललं होतं. एखादी पाट झाली तर बापाचा वेल पुढं चालणार होता.

पण झाडं सोडून जायचं म्हणजे चंद्रभागाबाईंचा पाय निघेना. घरातली बाई गावाला निघाली की डबे भरून ठेवते, लोणचं काढून ठेवते, म्हणते, उपाशी राहू नका. अगदी तसंच झालं. कनेरगाव नाक्याजवळ ओळखीच्या मेंढपाळांचा तळ पडला होता. शिवहारला मोटारसायकलवर तिथून पोती भरून खत आणायला लावलं. ताज्या लेंड्या, मुतानं भिजलेल्या, हात लावला तर ऊब लागावी अशा. एकेका झाडाच्या बुडाशी चंद्रभागाबाईंनी टोपली टोपली रिचवली, वर थापटून बसवली आणि म्हणाल्या, "खावा, लेकरांनो. म्या येईस्तोर पुरंल."

यात त्यांची चूक काय होती, ते सांगायला पाहिजे. धनगराला एवढं पक्कं ठाऊक असतं की जिथं कळप बसला तिथलं रान पिकतं. शेतकरी हौसेनं बोलावतात, कळप बसवतात, धान्य देतात. पण कळप उठला की धनगर पुढच्या गावाला. मागं त्या रानात पाणी कधी पडलं, खत कसं मुरलं, कसं कुजलं, पीक कधी वर आलं, हे बघायला तो थांबलेलाच नसतो. चंद्रभागाबाईंनी जन्मभर लोकांची रानं पिकवली होती. एकाही रानात त्या कणीस धरेपर्यंत राहिल्या नव्हत्या. खत म्हणजे चांगलं, आणि जास्त खत म्हणजे जास्त चांगलं, एवढाच त्यांचा हिशोब.

वरून चैताचं ऊन, खालून ओल्या लेंडीची धग. चंद्रभागाबाई तिकडं जत्रेत रेवड्या खाऊन राहिल्या होत्या आणि इकडं झाडांच्या पानांच्या कडा करपायला लागल्या.

त्या परत आल्या तेव्हा गल्लीच्या तोंडापासूनच त्यांनी झाडं बघायला सुरुवात केली. कडुलिंब ठीक. बहाव्याची जुनी पानं गळली होती, पण शेंड्याला नवी लाल पालवी. कांचन ठीक. आणि खत? खत कुठंच नव्हतं! बुडाशी नुसती ओली काळी माती.

"राधिके!" त्यांनी टेम्पोतून उतरता उतरता हाक मारली. "पाह्यलं का गं? सगळं फस्त केलं लेकरांनी! इतक्या दिसात! भुका असत्यात गं झाडाला, लई भुका असत्यात."

राधिकेनं ओठ घट्ट मिटले आणि लाडीला धरून आत नेलं. गल्लीत तेव्हा ओट्याओट्यावर बायका होत्या, देविदासकाका होते. सगळ्यांना काहीतरी माहीत होतं आणि पोटात ठेवून सगळेच फुगत होते. माऊली नगरच्या इतिहासात गल्लीनं गुपित ठेवल्याची ती पहिलीच वेळ.

फक्त शेवटच्या खांबाजवळचं एक झाड चंद्रभागाबाईंना बोलेना. करंज. काड्या वाळल्या होत्या. नखानं साल खरवडली, खाली हिरवं नव्हतं. थोडं खाली खरवडलं, तिथंही नव्हतं. लाडीनं पहिल्या दिवशी जे एक झाड वास घेऊन सोडलं होतं, नेमकं तेच गेलं.

तरी त्यांनी आशा सोडली नाही. रोज पाणी घातलं. पाऊस लागला, बाकीची झाडं डोक्यावर गेली, आणि त्या रोज सकाळी वाळक्या करंजापाशी उकिडव्या बसून बुडाशी कोंब शोधत राहिल्या. लाडी गाभण राहिली होती. तिचं पोट दिसायला लागलं तसं चंद्रभागाबाईंचं जेवण कमी झालं.

"माय, एका झाडाचं कोनी धरून बसत न्हाई," शिवहार म्हणायचा. ज्यानं आधी शेळी विकायची घाई केली, तोच आता लाडीला ढेप भिजवून घालत होता.

"म्या धरते ना. जबान दिली व्हती."

पोळा आला. माऊली नगरात बैल कुठला? घरोघरी पाटावर मातीचे बैल, त्यांच्यापुढं पुरणपोळी. चंद्रभागाबाई पहाटे उठल्या. लाडीला धुतलं. शिंगांना हिंगूळ लावला. गळ्यात बेगडाची माळ घातली. पुरणाचा घास चारला. मग दावं हातात घेतलं आणि पोट सांभाळत डुलत डुलत चालणाऱ्या लाडीला घेऊन समोरच्या दारात गेल्या.

"पद्माबाई!"

आतून उत्तर नाही. मागच्या अंगणात घमेलं वाजल्याचा आवाज आला. म्हणून चंद्रभागाबाई घराला वळसा घालून मागं गेल्या. लाडी मागं, लाडीच्या मागं शिवहार, राधिका, आणि काहीतरी होणार याचा वास लागलेले देविदासकाका.

मागच्या अंगणात पद्माबाई पदर खोचून खुरपं घेऊन बसल्या होत्या. समोर गोणपाटानं झाकलेला ढीग. गोणपाट अर्धं सरकलेलं. आत काळंभोर, भुसभुशीत, कुजलेलं लेंडीखत. आणि बाजूला गुलाबाच्या कुंड्या अशा टवटवीत की बघत राहावं.

चंद्रभागाबाईंनी ढिगाकडं पाहिलं, गुलाबाकडं पाहिलं. "हे मपलं हाय!"

पद्माबाई दचकून उठल्या.

"मपल्या झाडाच्या बुडाचं खत! कनेरगावाहून आनलेलं! तुमी चोरलं? झाडाच्या तोंडचा घास काढून गुलाबाला घातला? अध्यक्षबाई, लाज कशी वाटली न्हाई? त्या घासापायी मपला करंज मेला, अन् त्या करंजापायी मपली लाडी—" त्यांनी दाव्याला हिसका दिला. "घ्या! खतबी घ्या अन् शेळीबी घ्या!"

पद्माबाईंनी खुरपं खाली टाकलं. "झालं बोलून? आता ऐका. घास नव्हता तो, आग होती. ताजं ओलं खत, चैत्राचं ऊन, आणि पाण्याची ही बोंब. तुम्ही जत्रेला गेलात आणि झाडं भाजायला लागली. मला कसं कळलं? मी माझे गुलाब असेच जाळलेत. एकदा नाही, दोनदा. तेव्हा कुणी सांगायला नव्हतं."

"मंग?"

"मग काय मग! मी आणि तुमच्या राधिकेनं एकेका झाडाचं खत हातानं उकरून काढलं. टँकरचं पाणी आलं ते घरात न घेता झाडांना दिलं. निताचा बाप दोन दिवस बिनआंघोळीचा ऑफिसात गेला, विचारा गल्लीला. शेवटच्या करंजापर्यंत पोचायला उशीर झाला. तो गेला. तो माझ्या उशिरानं गेला."

"न्हाई," चंद्रभागाबाई हळू म्हणाल्या. "मपल्या हातानं गेला." त्या राधिकेकडं वळल्या. "तू बोलली काहून न्हाई गं?"

"पद्माकाकूंनी शपथ घातली होती, आत्याबाई. आणि तुम्ही... तुम्ही म्हणालात, लेकरांनी फस्त केलं. इतक्या खूश होतात. कसं सांगू?"

चंद्रभागाबाई तिथंच कुंड्यांशेजारी खाली बसल्या. आपण गल्लीभर सांगत फिरलो होतो, झाडांना भुका लागतात म्हणून. ज्याला त्याला. कनेरगावच्या मेंढपाळालाही. आणि लोक ऐकत होते, माना डोलवत होते.

त्यांना आधी हसू आलं. मग त्या पद्माबाईंचे हात बघत बसल्या. नखांत काळी माती होती.

"बाई, तुमी तर लाडीवर टपून व्हत्या," त्या म्हणाल्या. "झाडं मेली असती तर आयतीच गेली असती. वाचवलं काहून?"

पद्माबाई गुलाबाची एक वाळली फांदी मोडत राहिल्या. "ज्या बाईनं नवऱ्याची जाळी कापून माझ्या झाडाला बांधली, तिच्या दारची शेळी मी नेऊ?" आणि मग एकदम नेहमीच्या आवाजात, "आणि शेळी गेली की तुम्ही गप्प बसणार. मग मी भांडू कुणाशी? ह्या देविदासभाऊंशी?"

"पण जबान दिली व्हती," चंद्रभागाबाईंनी दावं पुढं केलं. "येक बी मेलं तर. बोलले ते बोलले."

"अट कुणी घातली होती?"

"तुमी."

"मग मोडायचा हक्कही माझाच. मोडली. पोळ्याच्या दिवशी गाभण जनावर दारातून काढू नये, एवढंही कळत नाही का धनगराच्या बाईला?"

"बराबर!" देविदासकाका मागून ओरडले. "जामीन कायम! मी साक्षीदार हाव. आता पुरणपोळी आना, साक्षीदार उपाशी हाय."

चंद्रभागाबाईंनी दोन्ही हात जोडले. बादलीभर पाण्याचे तोंडभर आभार मानणारी बाई त्या दिवशी मुकी झाली. तेवढ्यात लाडीनं वेळ साधून गुलाबाच्या दोन कळ्या खाल्ल्या. पद्माबाई किंचाळल्या आणि सगळं पूर्वपदावर आलं.

पुढच्याच महिन्यात लाडी व्याली. एकच पिल्लू, पण पाट. बापाचा वेल पुढं गेला. चंद्रभागाबाईंनी पहिला चीक काढून त्याचा खरवस केला, वर वेलची टाकली आणि वाटी झाकून समोर नेली. शेळीच्या वासानं ज्यांनी उदबत्त्यांचा पुडा जाळला होता, त्या पद्माबाईंनी आधी नाक धरलं, मग एक चमचा घेतला, मग आणखी एक. मग वाटी धुऊन परत देताना म्हणाल्या, "थोडा जास्त आणला असता तर नितालाही दिला असता."

आणि करंजाच्या मोकळ्या खड्ड्यात दोघींनी मिळून नवा करंज लावला. खत मूठभर, कुजलेलं, पद्माबाईंच्या ढिगातलं. जाळी मसाजीच्या वाघुरीचा उरलेला तुकडा.

आता ती झाडं घरांच्या छतापर्यंत गेली आहेत. खालच्या फांद्या चंद्रभागाबाई लांब काठीच्या आकडीनं बेतानं उतरवतात, तेवढाच शेळ्यांना पाला. फांदी ओढायच्या आधी एक हात बुंध्याला लावतात. काय म्हणतात ते ऐकू येत नाही, पण ओठ हलतात. देविदासकाकांची स्कूटर दिवसभर एका जागी उभी असते. सरकवायचं काम गेल्यामुळं काकांचं पोट सुटलं आहे, आणि त्याचा दोष ते झाडांनाच देतात.

राहिलं पिल्लाचं नाव. चंद्रभागाबाईंच्या घरात चाल अशी, की ज्याच्या उपकारानं जनावर राहिलं त्याचं नाव जनावराला द्यायचं. माणूस मान म्हणून मिरवतो. हे पद्माबाईंना कळलं तेव्हा त्या तीन दिवस बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी दुपारी त्यांच्या खिडकीतून हाक आली. सगळ्या गल्लीनं ती ऐकली.

"ओ चंद्रभागाबाई! तुमची पद्मी माझ्या कांचनाला तोंड लावून राहिली! आवरा तिला!"

चंद्रभागाबाई सावलीत पोत्यावर बसल्या होत्या. जागच्या हलल्या नाहीत.

"तुमच्याच नावाची हाय, बाई. तुमीच समजावा. मपलं कुठं ऐकती?"